सैतानाचा अंगठा, सम्राटाचा दात

आखेन हे शहर ‘दहा दिवसांत युरोप’ दाखवणाऱ्यांच्या यादीत नसतं, आणि ते एका परीने बरंच आहे. जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या हद्दीला खेटून असलेलं हे शहर मराठी घरांत ओळखीचं झालं ते तिथल्या तांत्रिक विद्यापीठामुळे. पुण्यात कुठल्याही लग्नात जेवायला बसा, शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंचं कोणी ना कोणी आखेनला शिकत असतं. माझा भाचाही तिथेच शिकतो. स्टेशनवर न्यायला आला तेव्हाच त्याने जाहीर केलं, “मावशी, इथे बघायला काही नाही. तू मस्त आराम कर.” ज्या गावात सहाशे वर्षं जर्मन राजांचे राज्याभिषेक झाले, त्या गावात राहून हा मुलगा तिथल्या कॅथेड्रलमध्ये एकदाच गेला होता, आणि तोही बाहेर पाऊस आला म्हणून.

आधीचं ब्रुसेल्स आणि कोलोन मी एका वाक्यात उरकते: ब्रुसेल्सला पाऊस होता, कोलोनला गर्दी होती, आणि दोन्हीकडे मान वर करकरून दुखली. आखेनलाही पाऊस होताच, पण तिथे तो मला आठवत नाही.

मला आठवतं ते दार. कॅथेड्रलचं मुख्य दार ब्राँझचं आहे, इसवी सन ८००च्या आसपास इथेच ओतलेलं. एकेक झडप अखंड, दोन पुरुष उंच. दारावर सिंहांची तोंडं आहेत, आणि त्यातल्या एका सिंहाच्या जबड्यात बोट घातलं की आत काहीतरी लागतं. माझ्यापुढे शाळेतली पोरं रांग लावून बोटं घालत होती आणि किंचाळत होती. पोरं संपल्यावर मीही घातलं. गार, गुळगुळीत, अगदी अंगठ्याच्या पेराएवढं. हा सैतानाचा अंगठा.

गोष्ट अशी. राजा शार्लमेन (बाराशे वर्षांपूर्वीचा फ्रँक लोकांचा राजा, पुढे सम्राट; जर्मन त्याला कार्ल म्हणतात) सॅक्सन लोकांशी लढायला गेला आणि इकडे या चर्चचं बांधकाम पैशावाचून अडलं. नगरातले शहाणे लोक डोक्याला हात लावून बसले असताना एक उंची कपड्यातला परका गृहस्थ आला आणि म्हणाला, हवं तेवढं सोनं देतो, पण चर्च पुरं झाल्यावर जो पहिला जीव आत शिरेल तो माझा. गृहस्थ कोण ते सगळ्यांना कळलं, पण सोनं घेतलं. चर्च उभं राहिलं. आता आत पाय कोण ठेवणार? मग एका साधूने युक्ती काढली. जंगलातून लांडगा पकडून आणला आणि दारातून आत सोडला. दबा धरून बसलेल्या सैतानाने झडप घातली, जीव काढून घेतला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हातात आलाय तो लांडग्याचा आत्मा. संतापून बाहेर पडताना त्याने दार असं काही आदळलं की अंगठा आतच तुटून राहिला.

आत शिरलं की दाराजवळच लांडगा बसलेला आहे, ब्राँझचा. छातीत भोक, म्हणजे जीव तिथून गेला. समोर ब्राँझचंच एक मोठं पाइनचं फळ, तो म्हणे त्याचा आत्मा. जाणकार सांगतात की हा लांडगा नसून अस्वलीण आहे आणि ती जुनी रोमन मूर्ती आहे. सांगोत बापडे. कित्येक पिढ्या गावाने तिला लांडगा म्हटल्यावर तिचं तरी काय चालणार?

युरोपातला सैतान फार भोळा, हे माझं मत इथे पक्कं झालं. प्रत्येक गोष्टीत तो पैसे पुरवतो, काम करून देतो आणि शेवटी गंडतो. याच आखेनमध्ये तो पुढे बदला घ्यायला आला म्हणतात. समुद्रकाठची वाळू पोत्यांत भरून, सगळं शहर गाडून टाकायला. वाटेत एक म्हातारी भेटली. तिला विचारलं, आखेन किती लांब? तिने आपल्या पायातले झिजलेले जोडे दाखवले आणि म्हणाली, निघाले तेव्हा हे नवे कोरे होते बाबा. वैतागून त्याने वाळू तिथेच ओतली, तीच शहराच्या उत्तरेची लाउसबेर्ग टेकडी. आपल्या वेताळाला कोणी असं बनवून दाखवावं. उलट पंचवीस गोष्टी ऐकाव्या लागतील.

आतला मूळ भाग अष्टकोनी आहे. शार्लमेनने तो बांधून घेतला, रोमहून आणि राव्हेन्नाहून खांब आणवले. वर सोनेरी मोझेक झगमगतं, ते पाहून मी भारावले आणि लगेच हिरमुसले, कारण ते १९व्या शतकातलं निघालं. पण खांबांची कथा मात्र फारच मनासारखी आहे. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्य आलं आणि खांब उपटून पॅरिसला घेऊन गेलं. नेपोलियन पडल्यावर १८१५ मध्ये त्यातले बरेच परत आले, काही अजून पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातच आहेत. म्हणजे शार्लमेनने रोमहून आणले, फ्रेंचांनी शार्लमेनकडून नेले. मूळ मालक कोण, हे विचारायची सोयच नाही.

सिंहासन वरच्या मजल्यावर आहे आणि तिथे वाटाड्याबरोबरच जावं लागतं. आमच्या गाइडबाई सत्तरीच्या, पांढरे केस, पायात पळायचे बूट. गट लहान होता, पण त्यात एक उंच गृहस्थ होते ज्यांना प्रत्येक वाक्यानंतर “याला पुरावा काय?” विचारायचं होतं. असा माणूस प्रत्येक सहलीत एक असतोच. आपल्याकडे तो किल्ल्यावर भेटतो आणि बुरुजाची उंची दुरुस्त करतो.

जिना चढून आम्ही वर आलो आणि मी सिंहासन शोधायला लागले. समोर होतं तरी दिसेना. मराठी माणसाच्या डोक्यात सिंहासन म्हटलं की बत्तीस मणांचं सोनं, सिंह, छत्र, मोत्यांच्या झालरी. इथे होत्या संगमरवराच्या चार फरश्या. साध्या, पिवळट पडलेल्या, कोपऱ्यांत ब्राँझच्या पट्ट्यांनी एकमेकींना जखडलेल्या. आत बसायला लाकडी फळी. चढायला सहा पायऱ्या. रत्न नाही, कोरीव काम नाही, एक वेलबुट्टीसुद्धा नाही. एखाद्या गवंड्याने उरलेल्या दगडांतून दुपारभरात उभं केल्यासारखं.

आणि यावर बसण्यासाठी ९३६ पासून १५३१ पर्यंत तीसेक राजे आले. पहिला ओटो, शेवटचा फर्डिनंड. खाली वेदीपाशी कोलोनचा आर्चबिशप मुकुट घालायचा, पण तेवढ्याने भागायचं नाही. मग राजा हा जिना चढून वर यायचा, या सहा पायऱ्या चढायचा आणि या दगडांत बसायचा. तेव्हा तो राजा. १३५६ च्या सुवर्ण-फर्मानात सम्राटाने तसा नियमच लिहून ठेवला, निवडणूक फ्रँकफर्टला आणि अभिषेक आखेनला. १५२० मध्ये पाचवा चार्ल्स इथे बसला तेव्हा चित्रकार ड्यूररही गावात होता. त्याने आपल्या डायरीत त्या सोहळ्याची नोंद केली आणि खांबांचं कौतुक केलं. चित्रकारच तो, राजापेक्षा खांब अधिक नीट पाहणार.

साधेपणाचं कारण गाइडबाईंनी सांगितलं. या फरश्या जेरुसलेमच्या, ख्रिस्ताच्या थडग्यावर बांधलेल्या चर्चमधून आणल्या अशी श्रद्धा आहे. म्हणजे दगड हीच पवित्र वस्तू. त्यांच्यावर सोनं चढवणं म्हणजे त्यांना झाकणं. आणि पायऱ्या सहा का? तर बायबलमध्ये राजा सॉलोमनच्या सिंहासनाला सहाच पायऱ्या होत्या. उंच गृहस्थांनी हात वर केला. शार्लमेन खरंच यावर बसला होता याला पुरावा काय? बाई शांतपणे म्हणाल्या, “पुरावा येईपर्यंत थांबले असते तर एवढ्या राजांचे अभिषेक राहून गेले असते.” मी मनात टाळी वाजवली.

मग त्या म्हणाल्या, खाली वाकून बघा. सिंहासन चार छोट्या दगडी पायांवर उचललेलं आहे, खाली पोकळी आहे. यात्रेकरू या पोकळीतून रांगत जायचे. राजे वर चढायचे, प्रजा खालून सरपटायची, पुण्य दोघांनाही मिळायचं. जेजुरीला नाहीतर पंढरपूरला ज्याने म्हाताऱ्या माणसांना देवाच्या पायाशी दंडवत घालताना पाहिलंय, त्याला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. गटातले दोघं-तिघं मात्र हसले. मला राग आला. पाया पडायला वाकणारा माणूस आणि कंबर वाकवून फोटो काढणारा माणूस यांच्यात अधिक वेडा कोण, हे ठरवायला मी त्या पोकळीकडे बघत उभी राहिले. सगळे पुढे सरकले, मी जरा मागे रेंगाळले, आणि तेव्हाच मला सिंहासनाची बाजू दिसली.

बाजूच्या फरशीवर रेघा ओढलेल्या होत्या. बारीक, वेड्यावाकड्या, खिळ्याने किंवा सुरीच्या टोकाने कोरल्यासारख्या. एक चौकोन, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, आणि मधोमध जोडणाऱ्या रेषा. मी मोठ्याने म्हणाले, “अरे, हे तर नवकंकरी!”

आजीच्या ओसरीवर हा पट खडूने आखलेला असायचा. माझे नऊ चिंचोके, तिच्या नऊ कवड्या. तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. आजी डोळे मिचकावत माझे चिंचोके उचलायची आणि तोंडाने रामरक्षा चालू ठेवायची. आपल्याकडे कित्येक लेण्यांच्या आणि देवळांच्या दगडी ओट्यांवर हा पट कोरलेला सापडतो. आणि तो इथे, पवित्र रोमन साम्राज्याच्या सिंहासनाच्या कुशीवर!

गाइडबाई माझ्या ओरडण्याने मागे वळल्या. त्यांना आनंदच झाला. म्हणाल्या, बहुतेक जण समोरून फोटो काढतात आणि निघून जातात. मग त्यांनी नीट समजावलं. फरशी आता उभी आहे, उभ्या पटावर सोंगट्या राहणार नाहीत. म्हणजे खेळ कोरला तेव्हा ती आडवी होती, कुठल्या तरी इमारतीची जमीन किंवा पायरी होती. पहाऱ्यावर कंटाळलेल्या रोमन शिपायांनी कोरला असावा असं मानतात. मग तो दगड पवित्र झाला, सिंहासन झाला, राजे बसले, आणि कंटाळलेल्या शिपायाचा डाव तसाच राहिला. कोणी तो घासून काढला नाही. मी विचारलं, का नाही काढला? बाई म्हणाल्या, “पवित्र दगड. घासणार कोण?”

त्या एका फरशीपाशी मी जेवढा वेळ उभी होते तेवढा वेळ मी कोलोनच्या अख्ख्या कॅथेड्रलला दिला नव्हता. भाचा दोनदा घड्याळ बघून गेला. मी ढिम्म.

खाली उतरल्यावर मात्र एक विचार डोक्यातून जाईना. इथली प्रत्येक गोष्ट या राजाचा तुकडा मिळवण्याची गोष्ट आहे. शार्लमेन वारला २८ जानेवारी ८१४ ला, त्याच दिवशी त्याला इथे पुरलं. तेव्हापासून त्याला स्वस्थ पडू दिलेलं नाही.

पहिला आला तिसरा ओटो, वयाने अवघा विशीतला सम्राट. इसवी सन १००० मध्ये त्याने शार्लमेनचं थडगं शोधून उघडलं. त्याच्याबरोबर आत उतरलेल्या एका सरदाराच्या तोंडची म्हणून जी हकीकत इटलीतल्या नोव्हालेझाच्या बखरीत आहे, ती अंगावर काटा आणते. राजा आडवा नव्हता, खुर्चीत बसला होता. डोक्यावर मुकुट, हातात राजदंड, हातमोजे घातलेले आणि त्या मोज्यांतून वाढलेली नखं बाहेर आलेली. नाकाचा शेंडा तेवढा झडला होता. ओटोने त्याला पांढरी वस्त्रं घातली, नखं कापली, नाकाला सोन्याचा शेंडा बसवला, आणि निघताना त्याच्या तोंडातला एक दात काढून घेतला. दुसऱ्या एका बखरकाराने, थिएटमारने, दाताचं काही लिहिलेलं नाही. तो म्हणतो गळ्यातला सोन्याचा क्रूस आणि कपड्यांचा काही भाग घेतला. दोघांचं एका बाबतीत एकमत आहे. तो रिकाम्या हाताने वर आला नाही.

दोन वर्षं व्हायच्या आत ओटो इटलीत वारला. लोक बोलायचे ते बोललेच, थडगं उघडल्याचा कोप झाला म्हणून. त्यालाही आणून याच चर्चमध्ये पुरलं.

मग आला लाल दाढीचा फ्रेडरिक बार्बारोसा. त्याचं पोपशी भांडण होतं. त्याला आपल्या बाजूला एक संत हवा होता, शक्यतो राजघराण्यातला. ११६५ मध्ये त्याने हाडं वर काढली आणि आपल्या बाजूच्या प्रतिपोपकडून (म्हणजे रोमच्या पोपविरुद्ध उभा केलेला दुसरा पोप) शार्लमेनला संतपद मिळवून दिलं. रोमने ते कधी रीतसर मान्य केलं नाही, पण आखेनपुरतं चालवून घेतलं. आजही इथे जानेवारीच्या शेवटी त्याच्या नावाने मिस्सा होते. बार्बारोसाने एका हाताच्या हाडांसाठी वेगळी पेटी करवली, ती आता पॅरिसला. अष्टकोनात ४८ मेणबत्त्यांचं जे प्रचंड चक्र टांगलंय, तेही त्यानेच दिलेलं. त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक याने १२१५ मध्ये उरलेली हाडं सोन्याच्या पेटीत ठेवली आणि झाकणाचे खिळे म्हणे स्वतः ठोकले. ती पेटी अजून समोर काचेत आहे.

गंमत पुढे आहे. ज्या बार्बारोसाने मेलेल्या राजाला संत केलं, तो स्वतः ११९० मध्ये धर्मयुद्धाच्या वाटेवर नदीत बुडून मेला, आणि लोकांनी त्याला मरूच दिलं नाही. तो क्यिफहॉयझर डोंगराच्या पोटात दगडी टेबलापाशी झोपलाय, दाढी वाढतेय, डोंगराभोवती कावळे उडायचे थांबले की तो उठणार. अशीच गोष्ट साल्झबुर्गजवळच्या उंटर्सबेर्गची, तिथे शार्लमेनच झोपलाय असंही सांगतात. म्हणजे आखेनला त्याची हाडं सोन्याच्या पेटीत, आणि तिकडे तो दाढी वाढवत बसलेला. कोणालाच त्यात विसंगती दिसत नाही, आणि मलाही का कोण जाणे दिसली नाही.

राजांना हाडं मिळाली. लोकांना काय? याचं उत्तर या संपूर्ण प्रवासात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे.

इथे शार्लमेनच्या पेटीसारखीच मेरीची सोन्याची पेटी आहे, १२३९ ची. तिच्यात चार वस्त्रं आहेत: मेरीचा झगा, बाळ येशूची दुपटी, क्रूसावरचं कटिवस्त्र, आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानचं छाटलेलं मस्तक ज्यात गुंडाळलं ते कापड. १३४९ पासून दर सात वर्षांनी ही वस्त्रं काढून दाखवतात. करोनामुळे पुढे ढकललेली खेप २०२३ मध्ये झाली. मध्ययुगात या यात्रेला एवढी माणसं लोटायची की जवळ जाणं अशक्य. मग वस्त्रं चर्चच्या मनोऱ्यावरून फडकावून दाखवायचे आणि खाली लोक मातीची शिंगं फुंकून गलका करायचे. पण लांबून पाहण्याने पुण्य लागतं का? ज्यांना गाभारा मिळत नाही त्यांना कळसाचं दर्शन पुरतं, हा आपला तोडगा. त्यांनी वेगळा काढला: आरसे आणले. शिसं-कथलाच्या बिल्ल्यात बसवलेला छोटा आरसा वर धरायचा. वस्त्रांतून निघणारं तेज त्यात पडतं, साठतं, आणि घरी नेता येतं अशी श्रद्धा. गावी आजारी आई असेल तर तिच्यापुढे आरसा धरायचा.

या आरशांच्या धंद्यात एक सोनारकामाचा जाणकार माणूस उतरला होता. स्ट्रासबुर्गमध्ये त्याने भागीदार गोळा केले, भांडवल घातलं, आखेनच्या यात्रेसाठी ढिगाने आरसे करायचा बेत आखला. हिशेब १४३९ च्या यात्रेचा, आणि यात्रा भरली १४४० ला. पैसे अडकले. त्यातच एक भागीदार वारला आणि त्याच्या भावांनी कोर्टात खेचलं. त्या खटल्याचे कागद आहेत म्हणून आपल्याला हे कळतं. आरोपीचं नाव योहान गुटेनबर्ग. होय, तोच, छापखान्याचा. त्याच खटल्यात साक्षीदार कुठल्याशा गुप्त कामाबद्दल आणि एका दाबयंत्राबद्दल चाचरत बोलतात.

भाच्याला हे मी जिन्यावरच सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे पहिलं स्टार्टअप बुडालं, मग दुसऱ्यात चाललं.” एवढं शिकून हाच निष्कर्ष!

खजिन्याच्या दालनात आम्ही घाईत फिरलो कारण बंद व्हायची वेळ होती. तिथे एक रोमन शवपेटी आहे, शार्लमेनला हिच्यात पुरलं होतं असं मानतात. तिच्यावर पाताळाचा देव प्लूटो प्रॉसर्पिना या देवीला रथात घालून पाताळात पळवतोय असं शिल्प. ख्रिस्ती धर्माचा रक्षक म्हणवणारा सम्राट ग्रीक-रोमन देवांच्या भानगडीखाली चिरनिद्रा घेत होता, हे मला फार प्रेमळ वाटलं. शेजारी त्याचा चांदी-सोन्याचा अर्धपुतळा, आणि त्याच्या डोक्यात खऱ्या कवटीचा भाग. १८०४ मध्ये नेपोलियनची जोसेफिन इथे आली तेव्हा तिला थडग्यातून निघालेला म्हणून एक तावीज भेट दिला गेला. तो आता फ्रान्समध्ये रांसला आहे. आणखी एक तुकडा गेला. इतकी वाटणी होऊनही पेटीत बरंच उरलं होतं म्हणायचं: २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की ९४ हाडं आणि हाडांचे तुकडे मिळाले आणि माणूस १.८४ मीटर उंच होता. उंच गृहस्थांना हा पुरावा मी आवर्जून सांगितला असता, पण ते तोवर निघून गेले होते.

संध्याकाळी आम्ही एलिझनब्रुनेनला बसलो. खांबांच्या मंडपात दोन नळांतून गरम पाणी वाहतं, गंधकाचा असा वास की वज्रेश्वरीची आठवण व्हावी. पिऊ नका अशी पाटी आहे. शार्लमेन या गरम पाण्यासाठीच आखेनला राहिला. पोहण्यात त्याचा हात कोणी धरत नसे, असं त्याचा चरित्रकार आइनहार्ट लिहितो. मुलांना, सरदारांना, कधी अंगरक्षकांनाही पाण्यात बोलवायचा, शंभर-शंभर माणसं एका वेळी.

पण लोकांना एवढं साधं कारण कसं पुरावं? त्यांनी दुसरं सांगितलं, आणि कवी पेत्रार्क १३३३ मध्ये इथे आला तेव्हा ते ऐकून त्याने पत्रात लिहून ठेवलं. राजाचा एका बाईवर इतका जीव होता की ती मेल्यावरही तो तिचं प्रेत सोडेना. राज्य ओस पडायची वेळ आली. शेवटी एका बिशपला प्रेताच्या जिभेखाली अंगठी सापडली. ती त्याने काढली आणि राजा प्रेत विसरून थेट बिशपच्या प्रेमात पडला. पाठ सोडेना. बिचाऱ्या बिशपने अंगठी तिथल्या दलदलीत फेकून दिली. झालं, राजा आखेनच्याच प्रेमात पडला, आणि मरेपर्यंत हललाच नाही. लोक पुढे त्या बाईला राणी फास्ट्राडा म्हणू लागले. ती खरी राणी ७९४ मध्ये फ्रँकफर्टला वारली आणि माइन्झला पुरली, पण एवढ्या चांगल्या गोष्टीत तारखा कोण बघतो.

भाचा मात्र गप्प होता. मग म्हणाला, “मावशी, तू दिवसभर गोड गोष्टी सांगतेयस. व्हेर्डन?” म्हणजे तो कॅथेड्रलमध्ये एकदाच गेला असला तरी वाचन होतं तर. ७८२ मध्ये व्हेर्डनला शार्लमेनने बंडखोर सॅक्सनांची मुंडकी उडवली. फ्रँकांच्याच राजबखरीत आकडा आहे: एका दिवसात ४,५००. सैतानाने सोनं दिलं ते राजा सॅक्सनांशी लढायला गेला होता तेव्हा, नाही का? गोष्टीत ते एका वाक्यात येतं आणि पुढे जातं. मीही सकाळी तसंच सांगितलं होतं. आणि या राजाच्या नावाचं युरोपच्या एकीचं पारितोषिक १९५० पासून इथल्या टाउन हॉलमध्ये दिलं जातं. मला त्यावर भाच्याशी वाद घालायचा होता पण मुद्दा सापडला नाही. मी पिशवीतला प्रिंटेन काढून चावायला घेतला. हा इथला प्रसिद्ध मसालेदार बिस्किटाचा प्रकार. तारीफ ऐकून घेऊ नका. माझी दाढ हलली असती तर ओटोची सोय झाली असती.

रात्री वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात मी खिचडी टाकली. भाच्याबरोबर राहणारा जर्मन मुलगा वासाने आत आला. त्याला मी कागदावर तीन चौकोन काढून दाखवले तर तो पळत जाऊन बुद्धिबळाचा पट घेऊन आला. पट उलटा केला, मागे नवकंकरी छापलेली. त्यांच्याकडे याला म्युले म्हणतात आणि घरोघरी बुद्धिबळाच्या पटामागे हा असतोच. आम्ही मसूर आणि तांदूळ घेऊन बसलो. तीनच दाणे उरल्यावर त्याने एक दाणा उचलून थेट पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, तीन उरले की उडी मारता येते. मी म्हटलं, आमच्यात उडी बिडी नसते. त्याने मोबाइलवर नियम काढून दाखवले, मी आजीचा दाखला दिला, भाचा दोघांचं भाषांतर करता करता खिचडी एकटाच संपवत होता.